बाकाच्या टोकाला

रविवार, ३ फेब्रुवारी २००८

डायरी पुन्हा सुरू करते आहे. कारण सरळ आहे. उद्या काही भलतंसलतं झालं तर नीरजाताई पुण्याहून फोन करून विचारणार, "सुनेत्रा, तुझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तुला कळलं नाही?" तेव्हा माझ्याकडे तारीखवार पुरावा असलेला बरा.

तर आज सकाळी अवधूत आला. नीरजाताईचा एकुलता एक. इथे सिडनीला युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मास्टर्स करणार आणि आमच्याकडेच, टूनगॅबीला राहणार. माझा नवरा विश्राम त्याला एअरपोर्टवरून घेऊन आला. मुलगा उंच, सालस, विचारलं तेवढंच बोलणारा. वरणभाताला "मस्त", भेंडीच्या भाजीला "मस्त", कालच्या उरलेल्या पोळीलासुद्धा "मस्त". शिळ्या पोळीला मस्त म्हणणारा मुलगा मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे तो मला तिथेच खटकला.

माझा नवरा म्हणतो, मी घरातसुद्धा ऑफिस उघडून बसते. असेल. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरच्याने "सगळं व्यवस्थित चालतंय" म्हटलं की त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो.

ताईने फोनवर एकच गोष्ट बजावली आहे. "बाकी काय हवं ते करू दे, पायात स्केट्स घालू देऊ नकोस." बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर रोलर हॉकी खेळताना अवधूतचं खांद्याचं हाड मोडलं होतं. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं, आणि ताईने त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली. मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्केट्स आणलेस का रे?"

"नाही मावशी. पुण्यात कपाटात आहेत."

त्याची बॅग मीच उपसली. खरंच नव्हते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

गराजमध्ये वास येतो आहे. न वाळलेल्या मोज्यांचा असतो तसा, पण शंभर माणसांच्या मोज्यांचा. वासाचा माग काढत गेले तर कोपऱ्यात एक काळी बॅग. अनन्या आडवी झोपली तर मावेल एवढी मोठी. आमची अनन्या तेरा वर्षांची आहे, म्हणजे विचार करा.

"हृषिकेशची आहे, मावशी. युनीतला मित्र. त्याच्या रूमवर जागा नाहीये."

"आत काय आहे?"

"त्याचं सामान."

बॅगेला कुलूप. मित्राच्या बॅगेची किल्ली मात्र याच्या खिशात. अनन्याला म्हटलं तर म्हणते, "आई, इट्स अ बॅग. चिल."

चिल कशी होऊ? सध्या आमच्या भागात दर तिसऱ्या घरात एखादा स्टुडंट आहे. कोणी कुकिंगच्या कोर्सला, कोणी केस कापायच्या. कॉलेज कुठे तर म्हणे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिकायचं कोणालाच नसतं, सगळ्यांचा डोळा पीआरवर, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यावर. अशातली एकदोन मुलं कसल्या कसल्या वस्तू पोचवायच्या कामाला लागली असंही कानावर आलं. अवधूत म्हणतो की शनिवार-रविवार तो ब्लॅकटाउनच्या पुढे "एका ठिकाणी काउंटरवर" काम करतो. कसला काउंटर? "लोकांना शूज द्यायचे." बुटांचं दुकान का? "तसंच काहीसं."

"तसंच काहीसं" हे उत्तर डेव्हलपरने दिलं की मी त्याच दिवशी बग लिहिते.

शनिवार, १ मार्च

त्याच्या दंडावर काळानिळा डाग पाहिला. मांडीवर दुसरा. ट्रेनमध्ये आपल्या मुलांना एकटं गाठून मारतात असं ऐकलंय. "कोणी मारलं का रे? खरं सांग, पोलिसात जाऊ." तर हसतो! म्हणे जिन्यावरून पडलो. आमचं घर एकमजली आहे.

बाथरूममध्ये एका पेल्यात रबराची कवळी सापडली. बावीस वर्षांच्या मुलाला कवळी कशाला?

विश्रामशी बोलावं म्हटलं तर तो घरी नाही. मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगा सुरू झाल्यात, दर शनिवारी दुपारी आणि अधूनमधून गुरुवारी संध्याकाळी. गणपती सप्टेंबरात, मीटिंगा मार्चपासून. आपली माणसं एरवी इतकी आधी कुठे जागी होतात? कौतुक वाटलं.

संध्याकाळी तो आला तर त्याच्या गाडीत मागच्या सीटवर कानटोपी आणि मफलर होता. बाहेर इतकं गरम की डांबर चिकटत होतं. विचारलं तर म्हणाला, हॉलचा एसी फार कडक आहे. पन्नाशीनंतर थंडी बाधते म्हणतात ते खरं. त्याच्या थायरॉइडची टेस्ट करून घ्यायला हवी.

बुधवार, १९ मार्च

युनीत फोन केला. अटेंडन्स चांगला आहे. म्हणजे कॉलेज खरं आहे. तरी संशय तिळमात्र कमी झाला नाही, फक्त त्याची जागा बदलली.

आज ऑफिसात आमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज गेलं. आठवडाभर मान मोडून सगळं तपासलं होतं. एकही गडबड झाली नाही. दुपारी मॅनेजरने डेव्हलपर्ससाठी केक आणला, चौघांची नावं घेतली, टाळ्या झाल्या. टेस्टिंगचं नाव कशाला निघेल? काही घडलंच नाही ना. मीही केक खाल्ला. चांगला होता.

शनिवार, ५ एप्रिल

आज सोक्षमोक्ष लावला. अवधूत ती बॅग ओढत निघाला, नाक्यावर बसमध्ये चढला, मी माझ्या गाडीने मागे. एका शेडसारख्या इमारतीत तो शिरला. बाहेर पार्किंगमध्ये आमच्यासारखीच पांढरी कॅमरी उभी होती, डॅशबोर्डवर गणपतीसुद्धा आमच्यासारखाच. हल्ली सगळ्यांकडे तोच असतो. नंबर बघायला वळणार तेवढ्यात दार बंद व्हायला लागलं म्हणून धावले.

आत पाऊल टाकलं आणि हाडं गोठली. अंगात सुती कुर्ता, पायात सँडल. समोर एवढं मोठं बर्फाचं मैदान! त्यावर चिलखतं घातलेली, दातांत तसल्याच रबरी कवळ्या धरलेली माणसं काठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जात होती. त्यातला एक उंच गडी उलटा, मागे मागे, सरसर जात होता, आणि समोरचा कितीही वळला तरी त्याच्या पुढ्यातून हलत नव्हता. काय सुंदर चाललंय असं मनात आलं. मग त्याने हेल्मेट काढलं. अवधूत!

मला रडू आलं. आनंदाचं नाही, रागाचं. देवासमोर घेतलेली शपथ.

रविवार, ६ एप्रिल

आज त्याला समोर बसवलं. विश्रामही होता, पण तो सबंध वेळ चहाच ढवळत होता.

"मी शपथ मोडली नाही, मावशी. रोलर स्केट्सची होती. हे आइसचे आहेत."

"वकील व्हायला आलायस का?"

मग तो बोलता झाला. इतका बोलताना त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं. ती बॅग हृषिकेशची नाही, याचीच. रिंकवर, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानावर, भाड्याचे स्केट्स द्यायच्या काउंटरवर काम करतो. मोकळ्या वेळात बर्फावर उतरला. तिथल्या क्लबच्या कोचने त्याला उलटं जाताना पाहिलं आणि सेकंड्समध्ये, म्हणजे दुसऱ्या टीममध्ये, घेतलं. कोच चेक आहे, शाळेत गणित शिकवतो. नाव पावेल. देवाला नवस बोलताना म्हणतो तसं नाव, पण चेहऱ्यावरून कोणालाही पावेलसा वाटत नाही.

"क्लबच्या दोन टीम्स असतात. फर्स्टमध्ये कॅनडाबिनडाहून आणलेले स्टार्स. ते गोल करतात. पण सीझन लांब असतो, लोक इंजर्ड होतात. तेव्हा खालून वर जाऊन दोनचार मिनिटं खेळेल आणि काही बिघडवणार नाही असा माणूस लागतो. डेप्थ प्लेयर म्हणतात. पावेल सेकंड्समध्ये असे तयार करतो. त्याला वेळ लागतो, दोन-तीन विंटर्स. पण एकदा फर्स्टमध्ये टिकलो ना, तर बाहेरच्या छोट्या लीगमध्ये पगारावरसुद्धा चान्स मिळतो."

"म्हणजे बदली कामगार."

"हो. तसंच." त्याला राग आला नाही, हेच मला खुपलं.

"आणि तुझं काम काय नेमकं?"

"समोरच्याला काही करू द्यायचं नाही."

"आणि स्वतः काय करायचं?"

"तेच."

हे कसलं काम? विश्राम मध्येच म्हणाला, "पोरगा आनंदात आहे, अभ्यास चाललाय. राहू दे की थोडे दिवस." विश्रामला काय जातंय? ताईला तोंड मला द्यायचंय.

शनिवार, ३ मे

मॅच पाहायला गेले. विश्रामला चल म्हटलं तर त्याची मंडळाची मीटिंग. अनन्या आली, फोनवर गेम खेळत बसली.

जे पाहिलं त्याने माझा संशय खरा ठरला. खेळाडूंचा एक लांब बाक असतो. अवधूत कुठे बसवला होता? बाकाच्या अगदी टोकाला. आमच्या शाळेत टोकाला कोण बसायचं, हे काय मला सांगायला हवं? दहावीत शाळेत पहिला आलेला मुलगा! मधूनच त्याला आत पाठवत, तो धावाधाव करी, आणि मिनिटभरात परत बाकावर. सगळेच असे आतबाहेर करतात असं अनन्या म्हणाली, पण मी बघत होते ना. बाकीचे कौतुकाच्या थापा खात परत येत, हा गुपचूप येऊन टोकाला बसे.

त्यातून आणखी एक. आपला कोणी दांडगाई करतो आणि शिक्षा म्हणून बाहेर बसतो, मग आपल्याकडे एक माणूस कमी. असं झालं की पावेल नेमका अवधूतला पुढे ढकलायचा. म्हणजे दुसऱ्यांनी चुका करायच्या आणि मार खायला आमचा! एकदा तर चेंडू, म्हणजे ती काळी चकती, हा मुद्दाम पायावर घेताना पाहिला. गोल करायला मात्र कधी पाठवलं नाही. इंडियन पोरगा आहे, तक्रार करणार नाही, वापरून घ्या. सरळ हिशेब आहे.

बाकाच्या दाराशी एक म्हातारा कानटोपी आणि मफलर गुंडाळून उभा होता. खेळाडू आला की दार उघडायचं, गेला की लावायचं. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते. गोऱ्यांच्यातही कानटोपी घालतात हे पाहून जरा बरं वाटलं.

परत येताना गाडीत मी अवधूतला स्पष्ट सांगितलं. "महिनाभर मी ताईला काही बोलणार नाही. तेवढ्यात मला असं काहीतरी करून दाखव, जे मी तिला सांगू शकेन. सगळ्यांसाठी मरतोस ते पुरे. एक गोल कर. नाहीतर मीच तिला फोन करते, आणि मग तुझं तू बघ."

"मावशी, माझं काम ते नाहीये."

"तुझं काम काय ते त्या पावेलने ठरवायचं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "ओके."

शनिवार, ७ जून

केला! अवधूतने गोल केला!

फर्स्टमधल्या एकाचा गुडघा गेलाय. सेकंड्समधून एकाला वर घेणार, आणि कोण ते आजची मॅच बघून ठरणार, असं अवधूत परवा म्हणाला होता. त्याचाच नंबर लागेल असं सगळे म्हणतात, हेही त्याने खाली मान घालून सांगितलं होतं. मी म्हटलं, मग दाखव की काय आहेस ते.

आज गडी वेगळाच होता. बर्फावर उतरला की सरळ पुढे. दोनदा तीनदा हुकला. आणि शेवटाकडे एकदा चकती त्याच्या काठीशी आली आणि त्याने ती जाळ्यात घातली. मी उभी राहून ओरडले. अनन्याने मान खाली घातली, "आई, ओ माय गॉड." मला काय त्याचं? मधल्या वेळात समोरच्यांनी आपल्यावर दोनतीन गोल केले आणि आपण हरलो, पण त्यात अवधूतचा काय दोष? तो तर तेव्हा पुढे होता.

घरी येऊन शिरा केला, केळं घालून, प्रसादाला करतात तसा. वाटी त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोन चमचे खाल्ले आणि ठेवून दिली. पहिल्यांदाच "मस्त" म्हणाला नाही. दमला असेल.

विश्राम मीटिंगहून आला तोही गप्पगप्प. त्याला सांगितलं, अवधूतने गोल केला. "हो," म्हणाला, "केला खरा." जसा काही याने पाहिलाच होता! नवऱ्याचं लक्ष कुठे असतं देव जाणे.

उद्या ताईला फोन करायचा. आता सांगायला काहीतरी आहे.

मंगळवार, १० जून

फोन केला नाही बरं झालं.

पावेलने कॉनर नावाच्या मुलाला वर घेतलं. मी अवधूतला विचारलं, या कॉनरने किती गोल केले? "एकही नाही." एकही नाही! आणि ज्याने केला तो खालीच. आता तर आंधळ्यालाही दिसेल. कॉनरची आई क्लबच्या कॅन्टीनमध्ये असते, गोरी, सगळ्यांना डार्लिंग म्हणणारी. माझं डोकं फिरलं. नसलेल्या ठिकाणी मी डाग शोधते असं विश्राम म्हणतो. हा घ्या डाग.

अवधूत म्हणाला, "मावशी, सोडून दे ना. प्लीज." आवाज असा की मला त्याच्या बारावीच्या वेळचा ताईचा फोन आठवला. माझं ठरलं. परवा त्यांची प्रॅक्टिस असते. जाते आणि त्या माणसाला तोंडावर विचारते.

रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून बेसनाचे लाडू केलेत. भांडायला जायचं तरी पद्धत सोडायची नाही.

गुरुवार, १२ जून

झालं ते सगळं लिहिते, माझी बाजू लंगडी दिसली तरी.

विश्राम मीटिंगला गेला, अवधूत प्रॅक्टिसला. अर्ध्या तासाने मी निघाले. पावेल कठड्यापाशी उभा होता. डबा पुढे केला, मी कोण ते सांगितलं. त्याने एक अख्खा लाडू तोंडात घातला आणि बराच वेळ बोलू शकला नाही. तेवढ्यात मी माझं सगळं म्हणून घेतलं. मुलगा टोकाला का बसतो, दुसऱ्यांच्या शिक्षेच्या वेळी त्यालाच का पाठवता, आणि गोल करूनसुद्धा खाली का?

लाडू गिळून तो म्हणाला, "गोल करणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. ते विकत आणता येतात. टोकाला दार आहे, मिसेस. ज्याला सगळ्यात आधी पाठवावं लागतं तो दाराजवळ बसतो."

मी बाकाच्या टोकाकडे पाहिलं. दार होतं खरं.

"आपला माणूस कमी असताना मी कोणाला पाठवेन? ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे त्याला. सीझन सुरू झाल्यापासून तुमचा मुलगा बर्फावर असताना आमच्यावर एकही गोल झाला नव्हता. परवाच्या शनिवारपर्यंत. परवा तो गोल करायला पुढे गेला, आणि जिथे उभं राहायचं ती जागा मोकळी राहिली. त्याच जागेतून आम्ही दोन खाल्ले."

"त्याला विचारलंत का, असं का केलंस?"

"विचारलं. म्हणाला, माझी चूक. दुसरं काही नाही." पावेलने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, कोणीतरी त्याला काहीतरी सांगितलंय."

थंडीने माझे दात वाजत होते. इतका वेळ मी या माणसाच्या डोळ्यांत कपट शोधत होते. तिथे नुसता थकवा होता, आणि मिशीवर बेसन.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मला त्याच्या आईला सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं."

तो मान हलवत राहिला. आपली चूक कबूल केली की पुढे काहीतरी मिळतं, अशी आपली समजूत असते. मी विचारलं, "मग आता त्याला पुन्हा...?"

"लाडू फार छान आहेत, मिसेस," पावेल म्हणाला. "पण नाही. आता पुन्हा सुरुवातीपासून. तो करेल. नो वरीज."

तेवढ्यात बाकाचं दार उघडलं आणि कानटोपीवाला म्हातारा बाहेर आला. मफलर खाली केला. "सुनेत्रा, तू इथे?"

म्हातारा कसला, माझा नवरा!

"धिस इज विश," पावेल म्हणाला. "आमचं दार हाच बघतो. बेस्ट डोअर मॅन वी एव्हर हॅड."

परत येताना मी विश्रामच्या गाडीत बसले, माझी तिथेच राहिली. टूनगॅबीला घरी पोचलो. दाराशी आल्यावर विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू टेस्ट केली असतीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळ्या सिडनीवर संशय घेतला, एक घरातला माणूस सोडून. खूप राग आला. त्याहून जास्त कसलं वाईट वाटलं असेल तर याचं, की त्या दोघांना माझ्यापासून लपवावं लागलं.

शुक्रवार, १३ जून

सकाळी अवधूतला म्हटलं, "माझं चुकलं रे."

"इट्स ओके, मावशी."

"ओके नाहीये. तुझी जागा गेली."

त्याने पोळीचा तुकडा तोडला. "पोळी मस्त आहे," म्हणाला. कालचीच होती. मला मोरीत जाऊन डोळे धुवावे लागले.

रविवार, २० जुलै

बऱ्याच दिवसांनी लिहिते. लिहिण्यासारखं काही घडत नाही, म्हणजे ठीक चाललंय.

आता मी शनिवारी तिथे जाते, दोन स्वेटर घालून. पहिल्यांदा कळत नव्हतं कुठे बघायचं. सगळे चकतीकडे बघतात. मी चकती सोडून दिली आणि फक्त अवधूतकडे बघायला लागले. तो समोरच्या माणसाला जिथे जायचंय तिथे आधीच जाऊन उभा असतो. मग तो माणूस दुसरीकडे जातो, तिथेही हा. शेवटी तो वैतागून चकती कुठेतरी फेकतो आणि लोकांना वाटतं, तो चुकला. तो चुकत नाही. त्याला चुकवलं जातं. अनन्याला दाखवलं तर तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "वेट, ही डझ दॅट एव्हरी टाइम?"

ताईला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी फोनवर "अवधूत कसा आहे?" "मस्त आहे." माझीही सवय झाली. पण हे आता फार दिवस निभणार नाही, हे मला कळतं. आणि एक नवीन शंका आहेच. पावेलने "तो करेल" म्हटलं खरं, पण माणसं तोंडावर गोड बोलतातच की. कॉनर वर चांगला खेळतो. जागा एकच होती.

शनिवार, १६ ऑगस्ट

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

गुरुवारी पावेलने अवधूतला नुसतं म्हटलं, "सॅटर्डे, वरती." फर्स्टमधल्या दोघांना फ्लू झालाय. माझा विश्वास बसेना. म्हटलं, जर्सी घालायला लावतील आणि बाकावर बसवतील. मोठी मॅच होती, जिंकले तर फायनल्सना जाणार, बसायला जागा नव्हती. विश्राम दाराशी. बाकाच्या टोकाला अवधूत.

पहिल्या भागात आत गेलाच नाही. दुसऱ्यात जरासा. मी मनात म्हटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं? आपण एका गोलने पुढे होतो. शेवटची दोनतीन मिनिटं राहिली आणि आपल्या त्या कॅनडावाल्या स्टारने कोणाला तरी काठीने आडवं पाडलं. शिट्टी. तो बाहेर. आपल्याकडे एक माणूस कमी, आणि समोरच्यांनी गोलकीपर काढून आणखी एक जण आत घातला. सगळं स्टेडियम उभं राहिलं.

पावेलने बाकावरून नजर फिरवली नाही. त्याने फक्त टोकाला बोट दाखवलं. विश्रामने दार उघडलं.

मी हात जोडून उभी होते. अनन्याने माझी बाही घट्ट धरली होती. समोरच्यांचे सहा जण आणि गोलकीपर सोडला तर आपले चारच. चकती इकडून तिकडे, तिकडून इकडे. अवधूत पुढे गेला नाही. एकदा चकती त्याच्यासमोर मोकळी आली, पुढे रिकामं जाळं, मारली असती तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. मी 'मार' म्हणून ओरडले नाही. त्याने ती शांतपणे भिंतीला लावून लांब घालवली आणि परत आपल्या जागेवर आला. मग त्यांच्यातल्या एका आडदांडाने सगळा जीव एकवटून फटका मारला आणि अवधूत त्याच्या आडवा झोपला. चकती त्याच्या नडगीवर लागल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. तो उठला, लंगडत पुन्हा तिथेच उभा राहिला. मग भोंगा वाजला.

सगळे गोलकीपरकडे धावले. माइकवरून गोल करणाऱ्या दोघांची नावं घेतली, गोलकीपरचं घेतलं. अवधूत लंगडत दाराकडे आला, विश्रामने दार उघडून धरलं, आणि तो आपल्या जागी, बाकाच्या टोकाला जाऊन बसला. पावेल त्याच्यामागून जाताना थांबला नाही. जाता जाता त्याच्या हेल्मेटवर फक्त हात ठेवून गेला.

शेजारची बाई मला म्हणाली, "विच वन्स योर्स?" मी दाखवला. "ओह," ती म्हणाली, "डिड ही प्ले?"

रविवार, १७ ऑगस्ट

आज ताईला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बॅग, बर्फ, पावेल, लाडू, माझा मूर्खपणा, कालची मॅच. मध्ये ती एकदाही बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली. अवधूत समोरच बसला होता, सुजलेल्या पायाखाली उशी घेऊन.

"हाड मोडलंय का?" ताईने विचारलं.

"नाही. एक्सरे काढला. नुसती सूज आहे."

मी ताईला ओळखते. आता भडका उडणार म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "त्याने काल गोल केला?"

"नाही."

"मग काय केलं त्याने?"

इतके महिने मला तिला सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं.

"काही नाही गं ताई," मी म्हटलं. "काहीच होऊ दिलं नाही त्याने."

"मग तू रडतेस कशाला?"